तिसरा ठसा

म्हापशात तेव्हा जस्ताचा ब्लॉक मिळायचा नाही,
बेळगावहून यायला आठ दिवस.
म्हणून मी कोरायचो, लिनोलियमच्या तुकड्यांवर,
देवळाचे खांब कोरणाऱ्या बापाच्या पटाशीने.
सगळं उलटं. छापल्यावर जी बाई घराबाहेर पडायची
ती माझ्या टेबलावर घरात शिरत असायची.

त्रेसष्ट साल, डिसेंबर. एका गल्लीत दोन साप्ताहिकं.
वरच्या अंगाचे संपादक म्हणाले, बायकांना मत म्हणजे
मांजराकडे बांगड्यांचा हिशेब. काढ तसं.
काढलं: नवरा चुलीपुढे, कडेवर पोर,
आणि बायको मतपेटीशी घासाघीस करतेय,
दोन टाकली तर एक वर घालशील?
खालच्या अंगाच्यांना देवी हवी होती.
तीही काढली. मोकळे केस, हातात समई, पायांखाली ढग.
दोन्हींचे मिळून सात रुपये,
पैकी तीन अजून यायचेत.

शुक्रवारच्या बाजारात कोंसेसांव
तिसऱ्यांचा वाटा बांधत होती, तो कागद माझाच निघाला.
देवीचा अंकही तिच्या रद्दीत होता.
तिने दोन्ही मांडीवर पसरले.
'हातूंतली हांव खंयची?'
मी गप्प.
'हिच्या हातांक खवळां नात,' म्हणाली,
आणि समईवालीत सुंगटं बांधून दिली.

मतदानाला शाळेच्या दारात
शिपायाने अडवलं: पांटी आत चालणार नाही.
मग तूच सांभाळ, म्हणाली, आणि गेली.
रांग पार विहिरीपर्यंत.
दीड तास तो सरकारी लाठीने
बांगड्यांवरचे कावळे हाकत उभा.
बाहेर आली, माझ्या हातांकडे बघून हसली:
'तुजीं धाय बोटां काळीं. म्हजें एकूच.'

त्या रात्री कुणी न सांगता कोरलं:
दार, पांटी, शिपाई, कावळे.
बाई नाहीच. ती आत आहे.

वरच्या अंगाचे म्हणाले, हे कुणाच्या विरुद्ध?
खालच्या अंगाचे म्हणाले, बाजूने तरी कुणाच्या?
आणि यात हसायचं कुठे?

ठसा अजून खणात आहे, कडा तडकलेल्या.
कधीतरी शाई लावून बघतो.
दारावरचं 'मतदान केंद्र' घाईत सुलटं कोरलं गेलं,
ते कागदावर उलटं येतं, वाचायला आरसा लागतो.
बाकी सगळं जिथल्या तिथे.