बेचाळीस फुटांवर

साक्रीजवळ सुरुंग उडाला
आणि हिलालच्या टोपलीत ओंडका वर आला.
साल, गाठ, वर्षांची कडी, सगळं जागच्या जागी;
फक्त लाकूड नव्हतं.

जिभेला लावला तर चिकटला.
मास्तर म्हणाले, ओपल. साधा, दुधी.
रंग खेळवणारा निराळा, विस्तवासारखा लाल तोही निराळा.
गारगोटी विरघळलेलं पाणी
पेशीपेशीत शिरलं,
लाकूड जसजसं सरत गेलं
तसतसं त्याच्याच मापानं बसत गेलं.

"लाकूडच शे हाई," म्हणत सुपडाबाईनं
एक ढलपी चुलीत सारली.
तडकली. ठिकऱ्या पार परातीपर्यंत.

आत पाणी असतं थोडं, मास्तर म्हणाले.

बेचाळीस फूट, आणि विहिरीला अजून ओल नाही.
हिलालनं प्यायच्या कळशीत फडकं बुचकळलं,
उरलेला ओंडका त्यात गुंडाळला.