नाडा

मागची काच कवठानं फोडली.
वानर फांदीवर, फांदी काचेवर,
एवढं मोठं अंगण सोडून कवठ नेमकं तिथंच.
तुकडे सीटवर सांडले खडीसाखरेसारखे,
शेजारची समीक्षा ते बरणीत भरून घेऊन गेली.

पुढच्या काचेची गोष्ट जुनी.
डाव्या कोपऱ्यातून निघालेली एक चीर
दर उन्हाळ्यात दोन-चार बोटं पुढं सरकायची.
गुणवंत तिच्या टोकाशी चिकटपट्टी लावून
वर तारीख टाकायचा.
अकरा वर्षांत ती त्याच्या डोळ्यांसमोर येऊन थांबली.

वरूडचा मिस्त्री म्हणाला, गाडी इकडं आणा.
मागं उघडी, पुढं फुटकी, सहासष्टची फियाट,
अठरा किलोमीटर धूळ खात कोण नेणार?
म्हटलं, आपणच बसवू.
"तू? हे का परकर हाय व?"

काचा नागपूरहून आल्या एसटीनं,
मागच्या सीटवर, दोन गोधड्यांत.
कंडक्टर म्हणाला, कोणी बिमार हाय का?
मग दोघींचं अर्धं अर्धं तिकीट फाडलं.

जुनं रबर हाडासारखं झालेलं.
काज कापायच्या पात्यानं त्याचा काठ उसवत गेले,
मग लुगडं खोचून सीटवर आडवी झाले
आणि दोन्ही टाचांनी काच बाहेर लोटली,
हळू, बाळ पाळण्यात सरकवावं तशी.
बाहेरून समीक्षानं झेलली. अख्खी. तारखांसकट.

खाचेत काय काय निघालं:
लिंबोळ्या, एक चिंचोका,
कुठल्याशा मेळ्याचं वितळलेलं तिकीट,
आणि केसांतला आकडा, जो माझा नव्हता.
गाडी आमच्याआधी जिनिंगच्या मुनीमाची होती.
मी विचारलं नाही. त्यानं सांगितलंही नाही.
पत्र्याचा गंज घासला, लाल रंगाचे दोन हात दिले,
आकडा शिलाई मशीनच्या खणात टाकला.

नवं रबर टिनावर ठेवलं.
मे महिन्याचं ऊन, फुकटची भट्टी,
तासाभरात ते वेतासारखं वळायला लागलं.
काचेला रबर चढवलं, आणि रबराच्या खाचेत दोरी.
इथं गुणवंत बाकावरून सांगायला लागला,
दोरी उजवीकडून, नाही डावीकडून, नाही थांब.
मी ऐकलं नाही.
नाडा कसा ओवायचा हे मला कोण शिकवणार?

पहिली दोरी सुतळीची. अर्ध्यात तुटली.
काच कोपऱ्यातून निसटली, समीक्षा किंचाळली,
गुणवंत म्हणाला, "म्हटलं होतं ना."
तेव्हा त्याच्याच पायजम्याचा नाडा काढला,
दाराआड, काही बोलू न देता,
एका रुपयाच्या शाम्पूत बुडवला, परत ओवला,
दोन टोकं खाली मधोमध एकमेकांवरून आत.

मी आतून ओढते, ती बाहेरून थापते.
"कशी थापू काकू?"
ज्वारीची भाकर थापतेस तशी, तळव्यानं, बोटानं नाही.
रबराचा ओठ पत्र्यावरून उलटतो,
एक वीत, अजून एक वीत,
कोपऱ्यावर अडतो, रुसतो,
आणि मग टप्पकन बसतो.
तो आवाज मला ठाऊक आहे,
घट्ट चोळीचं शेवटचं बटण लागतं तसा.

मागच्या काचेला गुणवंत स्वतः उठला,
एका हातानं पायजमा धरून.
दुसरा हात थरथरतो, पण तळव्यात वजन आहे.
थापत राहिला. मी ओढत राहिले.
काचेपलीकडून काहीतरी म्हणाला,
ऐकू आलं नाही, म्हणजे काच नीट बसली होती.

संध्याकाळी नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो.
समोर सगळं स्वच्छ, एकही ओरखडा नाही,
तरी तो मान उजवीकडे कलती करून चालवत होता,
चिरेला वाट देत.

जुनी काच टाकली नाही.
माळवदावर चार विटांवर ठेवली आहे,
खाली कुरडया वाळतात.
वानरं येतात, वरून हात आपटतात,
काही मिळत नाही,
मग तारखा चाटून बघतात.