जेवढं माहीत तेवढे फासे

धायरी फाट्याजवळ, चौथ्या मजल्यावर,
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर
मी मिठाचं कोठार आखलंय.
मागच्या दाराशी पहारेकरी.
पहारेकरी म्हणजे कोटाचं बटण. काळं, चार भोकांचं.

चाळीस मिनिटं सरपटत आलेत ते त्याच्याकडे,
जोडे काढून, कंदील विझवून,
कुत्र्याला भाकरी टाकून.
तन्वीर शिकलगार श्वास धरून म्हणाला, मागून वार.
फासा गडगडला. तीन.
नियमाने दुप्पट, सहा.
पहारेकऱ्याचे प्राण नऊ.
उरलेल्या तिनांत तो ओरडला
आणि कोठार जागं झालं.

"सात पिढ्या धार लावतोय आम्ही," तन्वीर म्हणाला,
"आणि माझ्या सुरीने लोणी कापलं जाईना."
अभिलाषा म्हणाली, तिप्पट कर.
पानसे म्हणाला, फासाच नको. दिसलो नाही, तर मेला तो.
(पानसेला सगळंच पटकन हवं असतं, जेवणसुद्धा.)
मी म्हटलं, मग तुम्हालाही तेच.
अंधारातून येणारा कधी त्यांचाही असेल.
फासे श्रीखंडाच्या डब्यात परत पडले.

तेवढ्यात बेल.
वॉचमन गायसमुद्रे, खालच्या जोगळेकरांची तक्रार घेऊन:
साडेअकरा झाले, वर गोट्या कोण खेळतंय.
सांगून झालं तरी गेले नाहीत.
बॅटरी काखेत धरून बटणाकडे बघत राहिले.
"ह्याला मारायचंय?"
हो.
"कधी?"
रात्री.
"रात लई मोठी असती, ताई.
बारापत्तोर माणूस मालकाला भिऊन जागा.
दोनला थंडीनं जागा.
साडेतीनला पाणी प्यायला वाकतो,
तवा काठी भिंतीला टेकवतो.
घाव काय हाताच्या जोरानं बसत नसतो.
ह्याचं ध्यान कुठं हाय, ते ठावं पायजे."
लिफ्ट बंद होती.
त्यांच्या चपला तळापर्यंत ऐकू आल्या.

नियम मी तिथंच खोडला. नवा लिहिला:
पहारेकऱ्याबद्दल जेवढं माहीत, तेवढे फासे.

मग घाई गेली.
खेळातल्या तीन रात्री ते नुसते गोण्यांच्या आड बसून राहिले.
डाव्या पायाची टाच दगडावर घासतो. एक.
शिट्टीची दोरी तुटलीय, कमरेला खोचतो. दोन.
चिमूटभर मीठ रोज पुडीत बांधतो. तीन.
कुणासाठी, अभिलाषाने विचारलं.
मी काहीच ठरवलं नव्हतं.
शेळीसाठी, म्हटलं. गाभण आहे.
चार.
पुढचे कुणी मोठ्याने मोजले नाहीत.
तन्वीरच्या ओंजळीत सात फासे मावेनात.
टाकले, रुमालावर, आवाज नको म्हणून.
एकतीस.
बटण त्याने आडवं पाडलं नाही,
बोटाने हळूच नकाशाबाहेर नेलं.
टाळी कुणी दिली नाही.

बऱ्याच वेळाने पानसे म्हणाला,
गायसमुद्रेंवर आपल्याला किती मिळतील?
मोजले.
आडनाव. आणि आज कळलेलं साडेतीनचं पाणी.
दोन वर्षांत दोन.
आणि त्यांना आपल्यावर?
कोण कितीला येतं, कुणाच्या गाडीचा स्टँड कुरकुरतो,
कोण पार्किंगमध्ये खांबाआड फोनवर रडतं,
कुणाचं पार्सल कुणाच्या नावानं येतं...
डबा पुरणार नाही.
अभिलाषाने उठून कडी लागलीय का बघितलं
आणि मग स्वतःशीच ओशाळून हसली.

सकाळी गेटपाशी ते तोंडावर पाणी मारत होते.
"मग, मेला का त्यो?"
मेला.
"किती घावात?"
एका.
"बेस झालं.
अर्धवट ऱ्हायला असता
तर उजाडल्यावर साहेबानं त्यालाच विचारलं असतं,
झोपला होतास का?"

आणि गेट उघडलं,
मी हॉर्नला बोट लावायच्या आधी.