दुसरा भाग

पहिला भाग अंबादासनं भिवंडीला नेला.
शेवट माहीत असलेलं जवळ असावं, म्हणाला.
तिसरा अजून यायचाय.
नव्या पेठेतला दुकानदार उन्हाळ्यापासून म्हणतोय,
पुढच्या आठवड्यात, अक्का.

माझ्याकडे मधला आहे.
एकशेबाराव्या पानावर शेंगाचटणीचं बोट,
तिथवर वाचून तो गाडीत बसला.

मधल्या भागात कुणी कुठं पोचत नाही.
पृथ्वी मागं मोहरीएवढी,
नवा ग्रह नुसता हिशोबात.
सोळा वर्षांची ताम्रा यानाच्या पोटात
हवा मोजते,
मोजून झाली की पुन्हा मोजते.
कप्तान खोटं बोलतोय हे मला कळलंय,
तिला नाही.
अगं मागं बघ की!
अम्मा म्हणते, कुणाशी बोलतीस?

अम्माच्या सुपात पानं, तंबाखू, दोरा.
हजार विड्या झाल्या की मान वर करते.
मेली का गं ती पोरगी?
नाही अजून.
मग ठीक, म्हणते, आणि पुढचं पान कापते.

पत्रा तापतो.
कधी दोन पानं उलटून गेल्यावर लक्षात येतं
की वाचलंच नाही काही,
यानाची घरघर तेवढी ऐकत बसले
आणि ती मागल्या गल्लीतल्या मागांची होती.

पाचव्या दिवशी पाणी आलं, रात्री अडीचला.
एका हातात पाइप, एका हातात पुस्तक,
शेवटची चाळीस पानं.
ताम्राला अंधारात दार सापडलं.
तिनं हात लावला.
संपलं.
पुढं कोरं पान, त्याच्यामागं किंमत.
पिंप कधीचं वाहत होतं,
यल्लव्वा गच्चीवरनं ओरडली तेव्हा कळलं.

सकाळी अंबादासचा फोन.
पाळी सुटलेली, तरी पाठीमागं खटखट चालूच.
पगार झाला का विचार, असं अम्मानं बजावलेलं.
त्याआधी तोच म्हणाला,
पोचली का ती?
नाही. पण दार आहे.
कसलं?
लोखंडाचं असंल. लिहिलं नाही.
तो जरा वेळ गप्प.
खटखट तेवढी येत राहिली.
मग म्हणाला,
आतनं उघडतं का बाहेरनं?

थांब, म्हटलं. बघून सांगते.