डबा उघडला कधी

रात्री साडेदहाला फोटो आला.
स्टीलच्या ताटलीत एक काळा ठिपका,
शेजारी रुपयाचं नाणं, मापासाठी.
खाली हर्षालीचं एवढंच: हा कोण?

चष्मा शोधला. दोन बोटांनी ठिपका ताणला.
सोंड आहे का गं? सोंड असली तर टोका, तांदळातला.
त्याला भिऊ नये. हात लागला की पाय पोटाशी घेऊन
मेल्याचं सोंग करतो, पाखडलं की जातो.
नाही सोंड, ती म्हणाली.
मग वालातला भुंगा?
पण वालांना मी एरंडेल चोळलं होतं.
उलटा कर त्याला. पोट पांढरं आहे?
आहे.
सोड्यांची पिशवी बघ.

बराच वेळ नुसत्या दोन निळ्या खुणा.
मग दुसरा फोटो: तपकिरी अळी,
अंगभर केस, कुसरुडाचं पोर म्हणावं तशी,
आणि भोवती सोड्यांचा भुसा.

हिला मी चाळीस वर्षं ओळखते.
हर्णैच्या बंदरावर जी सुकं विकते
तिला ही ठाऊक नसेल तर तिने टोपलीला हात लावू नये.
नरम माल हिच्या जातीला लांबून कळतो.
मळभाच्या दिवशी कोणी घाईने पिशवी बांधली
की गाठ बसायच्या आधी ही आत.

घाई मीच केली होती, खरं ते सांगते.
नाशिकची गाडी दापोलीहून सुटायची होती,
सोडे बोटाला अजून नरम लागत होते,
म्हटलं, पोहोचल्या पोहोचल्या उन्हात घालील.

पण अंड्याची अळी, अळीचा कोष, कोषाचा हा काळा किडा
व्हायला दीड महिना तरी जातो, थंडीत जास्तच.
आणि भुसा इतका, म्हणजे ही दुसरी पिढी.
डबा गणपतीत पाठवला होता.
आता मार्गशीर्ष.
कुळथाचं पीठ? जाळी धरलीय आई.
आगळाची बाटली?
सील आहे.

जिच्या घशाखाली सोड्यांशिवाय भात उतरत नसे
ती तीन महिने काय जेवते, हे मी नाही विचारलं.
विचारलं ते वेगळंच.
ही अळी रेशीम खाते, लोकर खाते, केससुद्धा.
कपाट एकच ना? शालू झटकून बघ,
घडी मोडून, उलट्या बाजूने.

यावेळी उत्तर लगेच आलं.
शालू तिकडे आहे.

तिकडे.
मी पहिला फोटो पुन्हा उघडला.
ताटलीखाली लाल कोबा, एका कडेला फुटलेला.
तिचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा,
घरभरणीच्या दिवशी मीच पुसला होता.
इतका वेळ किडाच बघत होते.

मग लिहिलं, हळूहळू, चुकत:
सोडे टाकून दे. जीव अडकवू नको त्यात.
पिशवी घट्ट बांध, नाहीतर कचऱ्यातून परत येते ही.
पीठही टाक.
वाल चार दिवस फ्रीजरमध्ये.
तिरफळांना काही होत नसतं, ती राहू देत.
डबा कढत पाण्याने धू, झाकणाच्या कडेत सुई फिरव,
तिथे एखादी नेहमी उरते.
फवारा मारू नको. त्यातलं खायचंय आपल्याला.

फ्रीजर नाहीये इथे, तिने लिहिलं. गच्ची आहे.
बरं, मी म्हटलं. गच्ची चांगली.

सकाळी वलांडीवरचे बोंबील परतताना
शेजारची द्वारका विचारते, पोरगी बरी आहे ना?
मी एक बोंबील मोडून बघते.
कट् वाजला पाहिजे. वाकतोय नुसता.
अजून एक ऊन लागेल, मी म्हणते.
हात पदराला पुसून डेपोत फोन लावते:
शुक्रवारच्या नाशिक गाडीला एक सीट.
खिडकी नसली तरी चालेल.