दहापैकी सात

खानापूरच्या रेकॉर्ड खोलीत माझं काम एवढंच:
यंत्राला काहीतरी विचारायचं,
ते दहा कागद काढून देतं,
एकेकापुढे खूण करायची, कामाचा की बिनकामाचा.

आज विचारलं: भरमाणी घाडीची विहीर.
सात कागद विहिरीचेच.
एक, घाडी आडनावाच्या तलाठ्याच्या रजेचा.
एक, दुसऱ्याच विहिरीत पडलेल्या म्हशीचा पंचनामा.
दहावा कोरा, नुसता शिक्का.
साहेब फोनवर म्हणाले, दहापैकी सात, झकास.

सातेरी शिपाई दारात सुपारी कातरत होता.
"आलं ते मोजलंसा बाई.
आलं न्हाई, ते?"

ते मोजायचं तर सगळेच रुमाल सोडायला हवेत.
मी एक सोडला. लाल, कसर लागलेला.
कानडी कागदावर तो भरमण्णा,
मोडीत ब्रह्माजी,
आणि एका अर्जात नावच नाही,
नुसतं 'वरल्या गल्लीतला म्हातारा, विहीरवाला'.
तोच माणूस. चतुःसीमा जुळवून पाहिल्या,
पूर्वेला तोच ओढा.

सहाला वीज गेली.
तक्त्यात याला रकाना नव्हता,
म्हणून समासात पेन्सिलीनं लिहिलं:
यंत्राला सात. मला आणखी तीन.
न सोडलेले रुमाल, चारशे बारा.