झील

टावरच्या डिझेलची नोंद करून बाहेर आलो
तर कवडू गुरनुले कुंपणाशी, मोबाईल पुढे धरून.
"पोराचा आवाज तुटते बापू. मस्कतले हाय थो."

म्हटलं, आवाज अख्खा येत नाही काका.
सेकंदाचे पन्नास तुकडे,
एकेकावर नंबर,
एखादा मुंबईहून सरळ, एखादा चेन्नईचा वळसा घालून.
उशिरा आलेला फोन घेतच नाही,
टाकून देतो.

"टाकून देते?"
तो धानाच्या बांधीकडे पाहत राहिला.
"मंग त्यानं काई म्हटलं असन,
अन् मले आलंच नसन."

असं होतं कधीकधी.

"अन् थो गप झाला का सरसर येते.
समुद्र हाय का थो?"

नाही. ती तुमचा फोनच तयार करतो,
लाईन मेली असं वाटू नये म्हणून.

वाटलं, खट्टू होईल.
तर हसला.
"दंडारीत वीस वर्सं झील धरली म्या.
गानारा दम घ्याले थांबला
का आमी मागून सूर चालू ठेवाचा,
नाई तं लोकं उठतेत.
आत कोनी जुना झीलकरी बसला हाय म्हना."

मग स्क्रीन दाखवली. पाच टक्के.
"एवढ्यात व्हते का बोलनं?"